हिंगाचा खडा आणि अंगणवाडीचा लिंब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हिंगाचा वास येतो. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या नगरपंचायतीच्या गावात मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

एका सोमवारी सकाळची हजेरी चालू असताना एका गल्लीतले अकरा प्रतिष्ठित अर्ज घेऊन आले. अंगणवाडीसमोरचा जुना कडुलिंब वाळत चालला होता आणि तो कुणीतरी विष घालून मारला, असं त्यांचं म्हणणं. संशय समोरच्या घरातल्या माणसावर. तो तहसीलमध्ये शिपाई, निवृत्तीला आठ महिने उरलेले. लिंबाची एक जाडजूड फांदी त्याच्या घराच्या पत्र्यांवर आली होती. ती तोडा म्हणून त्यानं नगरपंचायतीला तीन अर्ज दिले होते, उत्तर एकालाही नव्हतं.

माणसांच्या खुनाच्या फिर्यादी घेतल्या होत्या, झाडाच्या खुनाची ही पहिलीच. कुतूहलानं कायद्याचं पुस्तक काढलं. तेव्हा कळलं की शहरी भागात कुऱ्हाड चालवणं हेच झाड तोडणं, असं नाही. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच येतं. तरी मी लगेच गुन्हा दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. सरकारी नोकराला अटक होऊन तो अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो. या माणसाची पेन्शन हाताशी येऊन अडकली असती.

तिसऱ्या दिवशी खबर लागली. बाजारात चहा विकणारा माझा बातमीदार म्हणाला, शिपायानं यंदाच्या पाडव्यानंतर सुताराचं भोक पाडायचं गिरमिट मागून नेलं होतं. सुतारानंही ते मान्य केलं. पंचांसमक्ष झाड पाहिलं, तर बुंध्याला घराच्या बाजूनं चिखलानं बुजवलेलं एक भोक. आत काडी फिरवून बाहेर काढली आणि हवालदाराच्या नाकापुढं धरली. तो म्हणाला, "साहेब, आमटीचा वास येऊन राहिला."

हिंग घातला की झाड वाळतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. शिपायाला ठाण्यात बोलावलं. पहिल्यांदाच गुन्हा केलेला माणूस समोरचा चहा घेत नाही, असा माझा अनुभव. त्याचाही कप तसाच राहिला आणि पाच मिनिटांत त्यानं सगळं सांगितलं.

"माय लकव्यानं पडून हाय, साहेब. घर एका खोलीचं, तिची बाज त्याच फांदीखाली. वारं सुटलं की फांदी करकर करती अन् माय नुसती वर बघत राहती. अर्ज देऊन देऊन थकलो. वाळलेलं झाड तरी तोडतील म्हणलं."

मला त्याची दया आली आणि रागही आला. अंगणवाडीतली पोरंही त्याच झाडाखाली खेळत होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हेतू, हत्यार, कबुली, सगळं हातात होतं. पण एक गोष्ट काही पचेना. भोक करंगळीएवढं, हिंगाचा खडा हरभऱ्याएवढा, आणि झाड तिघांच्या कवेत न मावणारं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत एकटाच गेलो. अंगणवाडीची मदतनीस अंगण झाडत होती. त्या झाडाचा पाला रोज तीच गोळा करायची, म्हणून तिला विचारलं की हे झाड कधीपासून वाळायला लागलं.

"औंदाचं न्हाई हे," ती म्हणाली. "मागल्या पाडव्यालाच गुढीला पाल्याचे डगळे मिळाले न्हाईत. पालवीच फुटली नव्हती. मीच मोंढ्यातल्या लिंबाचे आणले."

म्हणजे हिंगाच्या आधी वर्षभर झाड मरणाला टेकलं होतं. मी वन खात्यातल्या एका जाणत्या वनपालाला बोलावलं. त्यानं भोकाकडं ढुंकूनही पाहिलं नाही, पाराकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी गल्लीनं बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार बांधला होता, वर गुळगुळीत फरशी. त्यानं एक कोपरा फोडायला लावला. खालच्या मुळ्या काळ्या पडून कुजल्या होत्या. त्यांना ना हवा मिळाली होती, ना पाणी.

"हिंगानं फोडणी देता येती, साहेब. एवढं झाड मरत न्हाई," तो म्हणाला. वाळक्या फांद्या आठवड्यात उतरवा, नाहीतर त्या शिपायाच्या घरावर किंवा अंगणवाडीवर येतील, आणि पार फोडला तर बुंधा कदाचित जगेल, असंही त्यानं लिहून दिलं.

अकरा जणांना बोलावून मी इजेचं ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पार कुणी बांधला ते विचारलं. सगळे खाली बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला, "आम्ही पुण्याचं काम म्हणून केलं, साहेब." मी सांगितलं, पुण्याला आमच्या रजिस्टरात रकाना नाही. मग अहवालात शिपायाचं भोक लिहिलं, गल्लीचा पार लिहिला, अनुत्तरित राहिलेले तीन अर्ज जोडले आणि सगळं नगरपंचायतीला पाठवलं. चार दिवसांत रीतसर परवानगीनं फांद्या उतरल्या. शिपाई लेखी समजेवर सुटला आणि वेळेवर पेन्शनीत निघाला. फांदी दोरानं खाली येत होती तेव्हा तो मायच्या बाजेजवळ बसून रडत होता.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. कबुलीत माणूस त्याला काय वाटतं ते सांगतो. घडलं काय, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आणखी एक शिकवण मिळाली, ती पार फोडताना. मजुरानं एक संगमरवरी फरशी आणून दाखवली आणि हिचं काय करू म्हणून विचारलं. फरशीवर त्या अकरा जणांची नावं होती आणि सगळ्यांच्या वर, उद्घाटक म्हणून, माझं. नव्यानंच बदलून आलो होतो तेव्हा मी तिथं नारळ फोडला होता, भाषण ठोकलं होतं, आणि पुढं साफ विसरलो होतो. मी कलम वाचत असताना ते अकरा जण खाली का बघत होते, ते तेव्हा कळलं. त्यांतल्या एकानंही माझं नाव घेतलं नव्हतं.

ती फरशी आता माझ्या लातूरच्या घरी परसात आहे. झाडांना पाणी घालताना मी तिच्यावर उभा राहतो, आणि नावाची बाजू मी मुद्दाम वर ठेवली आहे.