साडेचारची पॅसेंजर

अक्का गेल्याचा फोन ऑफिसात आला. शिपाई म्हणाला, "मॅडम, धुळ्याहून आहे," तेव्हा मी जराशी वैतागूनच उठले. धुळ्याहून फोन म्हणजे अक्का, दवाखान्यात असली तरीही, आणि अक्काचा फोन म्हणजे कधी येतेस, कितीची गाडी आहे, घरून किती वाजता निघणार, अशी उलटतपासणी. फोनवर दाजी होते. "गेली ती... सकाळी," एवढंच म्हणाले. कावीळ झाली होती, पंधरा दिवस दवाखान्यात होती. आज तीन आठवडे झाले. मी रडले नाही, अजूनही नाही. आमच्या घरात रडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यामुळे माझी उणीव कुणाला भासली नसावी.

सुशीलाअक्का माझ्या मोठ्या काकांची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बोदवड स्टेशनपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावातून सायन्सला गेलेली ती पहिली मुलगी. जळगावच्या कॉलेजात अकरावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा घरात दोन तट पडले होते म्हणे. काकांना डॉक्टरीण हवी होती, आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, गणितातली मास्तरीण. भांडण मिटावं म्हणून अक्कानं गणितही घेतलं आणि जीवशास्त्रही. रोज पहाटे बोदवडला पॅसेंजर धरायची, दिवे लागायच्या आत परत यायची. तिची डिसेक्शनची पेटी मी तेव्हा पाहिली. काळ्या रेक्झिनचा डबा, आत छोटी कात्री, चिमटा, सुया, धारदार पातं. मला हात लावू द्यायची नाही. बेडकाचं काळीज किती वेळ उडत राहतं ते मात्र सांगायची आणि मी जेवण टाकून ऐकत बसायचे. त्याच वर्षी मी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं.

मग बारावीच्या परीक्षेला दोन महिने राहिले असताना अक्काचं कॉलेज बंद झालं. "झेपलं नई तिले," असं काकू सगळ्यांना सांगायची. मी अकरा वर्षांची, मला ते खरं वाटलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. पेटी तेवढी सोबत नेली.

माझ्या दहावीचा निकाल लागला तेव्हा अक्का माहेरी आलेली होती. वडिलांना शेत सोडून यायला जमणार नव्हतं. त्यांनी फॉर्मवर सही करून तो अक्काच्या हातात दिला. "तू जाय इच्यासंगं, तुले कॉलेज माहीत हाये." फॉर्म मी आधीच भरला होता. गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही. डॉक्टरकी हुकली तर इंजिनिअरिंग, असा माझा साधा हिशोब होता. गाडीत अक्कानं तो दोनदा वाचला. कॉलेजात पोचल्यावर मात्र ती रांग सोडून आधी नोटीस बोर्डापाशी गेली आणि मागच्या वर्षीचं तासांचं वेळापत्रक बोट फिरवून फिरवून वाचत राहिली. मला वाटलं, जुन्या आठवणी काढतेय. रांग पुढे सरकत आली तशी तिनं मला मार्कशीटची झेरॉक्स आणायला समोरच्या दुकानात पिटाळलं. मी परत आले तेव्हा फॉर्म खिडकीच्या आत गेला होता आणि माझ्या हातात पावती पडली. गणित होतं. जीवशास्त्राच्या जागी भूगोल.

मी आधी कारकुनाशी भांडले. तो बिचारा म्हणाला, "तुमच्या ताईंनीच खोडलं ना बाई." मग मी अक्काकडे वळले. आजूबाजूला तीस-चाळीस पोरं आणि त्यांचे बाप उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तुले झेपलं नई म्हनून मलेबी झेपनार नई का? तुह्यासारखी ढ समजते का मले?"

अक्कानं पावती माझ्या हातातून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली. "चाल," म्हणाली, "गाडी चुकीन."

घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही. वडील म्हणाले, अक्कानं केलं ते विचार करूनच केलं असीन. कॉलेजात जाऊन विषय बदलता आला असता बहुधा, पण त्यासाठी पुन्हा वडिलांची सही लागणार होती आणि अक्काच्या शब्दापुढे ती मिळणार नव्हती. मी दोन वर्षं भूगोल वाचला. आमची प्रॅक्टिकलं दुपारीच आटोपायची, साडेचारची पॅसेंजर मला रोज आरामात मिळायची. भुसावळला ती इतका वेळ उभी राहायची की एक निबंध वाचून व्हायचा. आमच्या डब्यात वरणगावची एक मुलगी असायची, जीवशास्त्रवाली, हुशार. तिचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालायचं, म्हणून ती अधूनमधून मागच्या गाडीनं भुसावळपर्यंत यायची, पुढे मिळेल त्या वाहनानं. दिवाळीनंतर ती कॉलेजात दिसलीच नाही. झेपलं नसेल, असं मीही म्हटलं.

पुढे मी इंजिनिअर झाले, भुसावळजवळ वीजकेंद्रात लागले. गावात माझं कौतुक झालं, त्यात अक्का सगळ्यांत पुढे. धुळ्याहून पेढे घेऊन आली होती. मी तिला नमस्कार केला, पण मनातली अढी काही गेली नाही. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची पोरगी मेडिकलला लागली, की ती पावती मला आठवायची. धुळ्याला तिच्याकडे गेले की पेटी दिसायची. आता ती स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी असायची. त्या कात्रीनं ती कोथिंबीर कापायची, चिमट्यानं पोरांच्या पायातले काटे काढायची, पात्यानं त्यांच्या पेन्सिलींना टोक करायची. एकदा मी टोचून म्हटलं, "अक्का, एवढी आवड होती तर माझं का खोडलं?" ती कोथिंबीर कापत राहिली. "तुह्यी बस कितीची हाये?" असं विचारलं उलट.

हे तिचं नेहमीचंच. सगळ्या नातेवाइकांत अक्काची थट्टा व्हायची ती यावरून. कुठंही जायचं असो, अक्का तासभर आधी स्टँडवर. लग्नात पंगत उठायच्या आत ही पिशवी काखोटीला मारून तयार. "सुशीला ना, ती उद्याच्या गाडीलेबी आजच पोचीन," असं काका म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. शेवटची भेटले ती दवाखान्यात. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मला जवळ बसवून बरगडीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "लिव्हर उजव्या बाजूले राह्यते... पाठ हाये मले अजून." थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, "निंघ आता. उशीर नको करू." मी निघाले. उलट जरा सुटल्यासारखंच वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

दहाव्याला धुळ्याला गेले तेव्हा भुसावळच्या मावशी आल्या होत्या. अक्काच्या आईची बहीण. यजमान रेल्वेत, त्यामुळे त्यांची सगळी हयात भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. जेवणं झाल्यावर बायका एकेक आठवण काढत होत्या. मी म्हटलं, "बारावी झेपली असती तर कुठल्या कुठं गेली असती अक्का." मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"झेपलं नई? कोनं सांगतलं तुले? सहामाहीत कॉलेजात दुसरी आली व्हती ते."

मग त्यांनी सांगितलं. एके दिवशी जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल लांबलं. साडेचारची पॅसेंजर गेली. मागची गाडी भुसावळपर्यंतच होती. पोरीनं शहाणपणा केला, सरळ मावशीकडे गेली, जेवली, झोपली आणि पहिल्या गाडीनं घरी आली. मावशींनी रात्रीच केलेली तार गावात पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर गावात व्हायची ती चर्चा होऊन गेली होती. आबांनी कॉलेज बंद केलं आणि घरानं ठरवून टाकलं की बाहेर 'झेपलं नाही' असंच सांगायचं. लग्नाच्या बाजारात मुलगी ढ निघाली तर खपते, उशिरा घरी आलेली खपत नाही. अक्कालाही ते पाठ करून घ्यायला लावलं असणार. सगळ्यांसमोर मी तिला ढ म्हणाले, तेव्हाही तिनं ते मोडलं नाही. ते वेळापत्रक, ते बोट फिरवणं, सगळं मला तिथे बसल्या बसल्या पुन्हा दिसलं.

ती मला सांगू शकली असती. मी ऐकलं असतं का, शंका आहे. सोळाव्या वर्षी मला वाटायचं, माझी गाडी कशाला चुकेल? आणि मला डॉक्टर व्हायचं होतं, ती हळहळ अजूनही आहे, ती काही या गोष्टीनं पुसली गेली नाही. पण अक्कानं माझा एक विषय खोडला तो बाकीचे पाच वाचावेत म्हणून, हे कळायला मला तिचा दहावा उजाडावा लागला. क्षमा मागायची होती. कुणाकडे मागणार...

निघताना तिच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पेटी आणून माझ्या हातात दिली. "तुनी बहीननी शे ती. लई जाय, माय," अहिराणीत म्हणाल्या, घेऊन जा. दाजी म्हणाले, "बसा की अजून, बस पाचला आहे. पंधरा मिनिटं आधी सोडतो स्टँडवर." मी नको म्हटलं.

स्टँडवर बाकावर बसून पेटी उघडली. कात्रीच्या फटीत कोथिंबिरीचं एक पान वाळून चिकटलं होतं. मी ते काढलं नाही, तसंच झाकण लावलं. समोर घड्याळात चार वाजायचे होते. बस यायला अजून तास होता आणि मी पिशवी काखोटीला धरून, तयार होऊन बसले होते.