तिसऱ्या नळीचं भेव

माझी धाकटी जाऊ सत्यभामा सापाले भ्याली नाई, अंधाराले भ्याली नाई. भ्याली ते एका दाढेले. आमचे नवरे दोघे भाऊ, भिलाईच्या स्टील प्लांटात कामाले, एकाच क्वार्टरात आम्ही दोघी जावा, अन् तो उन्हाळा आम्ही जीव मुठीत धरून काढला.

हिंगणघाटची पोरगी. लग्न होऊन भिलाईले आली तेव्हा तिले सुपारीचंही व्यसन नव्हतं. शेजारणीनं, गुलाबनं, तिले गुडाखू शिकवला. दुपारी भांडी आटोपली का डबीतला तो तंबाखू-गुळाचा काळा लगदा बोटावर घ्यायचा अन् हिरड्यांवर घासत बसायचं. इकडच्या बायांची रीतच ते. मी बोंबलून थकली, "काय वं, देवानं दात दिले ते जाळाले का?" हसायची मेली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिची वरची दाढ ठणकली, सुळ्यामागची लहानी. पावर हाउसच्या बाजारात दातांचा डॉक्टर होता, आपल्या नागपूरकडचाच. त्यानं रूट कॅनल केलं. म्हणाला, या दाढेत दोन नळ्या असतात, दोन्हीतली नस काढून भरून टाकल्या, आता दुखायचं नाव नाही. पण थोड्याच दिवसांत गाल सुजला. नस काढली, मंग दुखते काय? सत्यभामानं मनातच उत्तर काढलं, कॅन्सर! गुलाबची सासू तशीच गेली होती, गालाले आरपार भोक पडून. पाजलेलं पाणी भोकातून बाहेर यायचं. आम्ही दोघींनी डोळ्यानं पाहिलं होतं.

अन् येडी काय करून राहिली होती? दुखणं बधिर व्हावं म्हणून त्याच जागी गुडाखू दाबून ठेवायची!

एका दुपारी मी तिले रडताना धरलं. मांडीवर तिची लहानी रमा झोपली होती. "बाई, माह्या मागं रमाले तुम्हीच पाहा. ह्यायले काही सांगू नका."  माझ्या तोंडातून शिव्याच निघाल्या. "मराची एवढी घाई हाय का तुले? ऊठ!" हाताले धरून बसमध्ये कोंबली. वाटभर पदरानं गाल झाकून बसली होती. मनातल्या मनात मीही देवाचं नाव घेत होती, पण ते मी तिले कळू दिलं नाई.

डॉक्टरनं या खेपेले एक्सरे तिरका काढला. उजेडाकडं धरून पाहिला. मंग म्हणाला, "चूक माझी आहे. सरळ एक्सरेत दिसलं नाही, पण या दाढेला तिसरं मूळ आहे. अशी दाढ क्वचितच सापडते. तिसऱ्या नळीतली नस आत सडली, म्हणून सूज."

"म्हंजे कॅन्सर नाई?"

"सुजेचा कॅन्सरशी संबंध नाही."

माय वं! सत्यभामा हसली काय, रडली काय. मीही भडाभडा रडली.

तेवढ्यात डॉक्टरनं आरशानं तिचा गाल आतून जरा उचलला अन् विचारलं, "गुडाखू लावता?" आत चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा होता. "हा आज कॅन्सर नाही. पण डबी सुटली नाही, तर उद्या होऊ शकतो."

डबी तिनं तिथंच कचऱ्याच्या बादलीत टाकली. तिसरी नळी साफ झाली, सूज उतरली, चट्टाही हळूहळू फिका पडला. ते नस सडली नसती, तर तो चट्टा कोणी पाहिलाच नसता.

रमा आता मॅट्रिकले बसली. तरी सत्यभामा अधूनमधून अंगणात येते, उन्हाकडं तोंड करते. "पाहा ना बाई." मी गाल उचलून पाहतो. "काई नाई वं, बंद कर ते तोंड!" म्हणतो. पण पाहायच्या आधी घडीभर मीच डोळे मिटून घेतो.