पहिल्यानंतर पाचवा

दौंडला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मी पुढच्या मुलीच्या पाठीमागे लपायचे.

वडील कुरकुंभच्या एका कारखान्यात वेल्डर. मोडीत निघालेली एक जुनी मोटार त्यांनी सुट्टीच्या दिवशी ठोकठाक करून उभी केली होती, पण तिला इंजिन नव्हतं. ते दिलं शेजारच्या आबांनी. कुठल्याशा जुन्या पेट्रोल ट्रकमधलं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं ते इंजिन त्यांच्या विहिरीचं पाणी उपसायचं. विजेची मोटर आल्यापासून पडून होतं.

"न्या, मिस्त्री. इंजिन माजं, गाडी तुमची," आबा म्हणाले. त्या सहा सिलिंडरांच्या ओळीला ते पंगत म्हणत.

मेळाव्यात एक रीत होती. बॉनेट उघडून इंजिन चालू करायचं आणि त्यावर रुपया कडेवर उभा करायचा. तो पडला नाही, तर गाडी पुढच्या रांगेत. वडिलांना ती रांग हवी होती. तसं ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आबाही बरोबर आले होते आणि विहिरीवरच्या आपल्या इंजिनाची गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. आमची पाळी आली. वडिलांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, फाटकन वाजलं आणि बंद पडलं.

"विहिरीवरचं हाय, बादली आणा!" कुणीतरी ओरडलं.

वडिलांनी वाकून पाहिलं. "आबा, प्लगच्या वायरींना हात लावला व्हय?"

"सकाळी काढून पुसल्या की चकाचक! आन् वळीनं लावल्या. पैलीला पैला, दुसरीला दुसरा."

"आबा, ही लग्नातली पंगत न्हाई. हितं पैल्यानंतर पाचव्याला वाढत्यात."

"आन् मधल्यांनी काय ताटाकडं बघत बसायचं?"

सगळे हसले. वडीलही हसले. वायरी उपटून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोल गं."

कुठल्या सिलिंडरात कुठल्यानंतर ठिणगी पडते, तो क्रम त्यांनी मला लहानपणी अंकांबरोबरच शिकवला होता. एवढी माणसं बघून मी गर्दीकडे पाठ केली. मग मी म्हणाले, "एक." वडिलांनी वायर बसवली. "पाच. तीन." आता गर्दीही ऐकत होती. "सहा. दोन. चार." शेवटचा आकडा मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

इंजिन सुरू झालं, ते एकसुरात. आबांनी रुपया ठेवला. तो किंचित थरथरला आणि उभा राहिला.

"इंजिन कुणाचं?" मेळाव्यातल्या माणसानं विचारलं.

"आबांचं," वडील म्हणाले.

"मिस्त्रींचं," आबा त्याच वेळी म्हणाले, "आन् वाढपी ही पोरगी."

गाडी पुढच्या रांगेकडे निघताच रुपया गवतात पडला. आबांनी तो हुडकून काढला. संध्याकाळपर्यंत येईल त्याला थांबवून ते इंजिन चालू करायला लावत, रुपया उभा करत आणि मला म्हणत, "सांग गं यास्नी, पैल्यानंतर कोण?"

मी दर वेळी सांगितलं.