चिकटवलेले बोल्ट

आत्याच्या रागाबद्दल आमच्या घरात बरंच बोललं जायचं, तिच्या डोकेदुखीबद्दल मात्र कुणी बोलत नसे. ती नर्सरीची रोपं पोचवायची. पिकअप बावीस वर्षांचा. मागे कुंड्या, पुढे ती एकटी. आजोबांच्या वर्कशॉपमध्ये ती आणि माझे बाबा बरोबरीनं काम शिकले होते, पण आजोबा गेल्यावर वर्कशॉप धाकट्या भावाकडे, म्हणजे बाबांकडे आलं आणि आत्याच्या वाट्याला हा पिकअप. त्यावरून ती कधी भांडली नाही. गाडीची मोठी कामंही ती बाबांकडूनच करून घ्यायची.

त्या थंडीत तिचं डोकं ठणकायला लागलं. दुपारपर्यंत मळमळायचं. ती पत्ते विसरायची, गिऱ्हाइकांवर खेकसायची. बाबा म्हणायचे, वय झालं. आई म्हणायची, स्वभावच तसा. सकाळी इंजिन चालू केलं की टिकटिक आवाज यायचा आणि गरम झाल्यावर थांबायचा. केबिनमध्ये जळका वासही असायचा. बाबांच्या मते गाडीचंही वयच झालं होतं.

एका सकाळी काचा बंद करून जाताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पिकअप एका गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळला. ओठ फाटला, चाळीसेक कुंड्यांचा चुरा झाला. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, गाडी नसते त्या दिवशी डोकं दुखतं का? आत्यानं आठवून पाहिलं. रविवारी कधीच दुखत नव्हतं.

"मग डोक्याआधी गाडी तपासून घ्या," बाई म्हणाल्या.

घरी येऊन तिनं बॉनेट उघडलं. सिलिंडरांतला जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा बिडाचा भाग असतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याच्या केबिनकडच्या टोकाला काजळी धरली होती, म्हणजे विषारी धूर तिथून गळून केबिनमध्ये शिरत होता. तिथल्या बोल्टला तिनं नुसता पाना लावला, तर बोल्टचं डोकंच हातात आलं. शेजारच्याचंही आलं. दोन्हींच्या खाली राखाडी पुट्टी. बोल्ट केव्हाच तुटले होते, वर नुसती डोकी चिकटवलेली होती. नऊ महिन्यांपूर्वी त्या सांध्यातलं पॅकिंग बदललं तेव्हा तिथं एकाच माणसाचा हात लागला होता.

ती वर्कशॉपमध्ये आली तेव्हा मी तिथंच होते. तिनं ती दोन डोकी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. बाबांचा चेहरा उतरला. काढतानाच तुटले, ते म्हणाले. गंजून गेले होते, आणि तुला गाडी दुसऱ्या दिवशी हवी होती.

"तुटले गंजानं. चिकटवले कुणी?"

"ताई, मला वाटलं बाकीचे सहा धरून ठेवतील."

"आणि मी डोकं धरून बसायची तेव्हा? तेव्हा माझं वय काढलंस."

बाबा म्हणाले, गाडी आण, आजच करून देतो. माझ्या गाडीला हात लावायचा नाही, एवढं सांगून ती निघून गेली. तिचा आवाज जराही चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

तिनं काम स्वतःच अंगणात काढलं. रात्रभर तुटक्या बोल्टांवर तेल मुरत ठेवलं. सकाळी ग्रिलवाल्याकडून वेल्डिंगचं मशीन आणून पहिल्या बोल्टच्या उरलेल्या टोकावर नट जोडला, तो लाल होऊन निवू दिला आणि पाना केसभर पुढे, केसभर मागे करत राहिली. तासाभरानं तो कुरकुरत निघाला. दुसरा मात्र आत, काठाशी सपाट तुटला होता आणि त्याच्यासमोर सरळ ड्रिल मावेना. आत्यानं पाना भिंतीवर फेकून मारला.

वाकड्या मानेचं ड्रिल बाबांकडे होतं. तिनं ते मागितलं नाही. तेच दुपारी घेऊन आले आणि फाटकाशी उभे राहिले. तिनं ड्रिल घेतलं.

"बॅटरी धर. बोलू नकोस."

बाबांनी दोन तास बॅटरीचा उजेड धरला. तिनं बोल्टच्या मधोमध बारीक भोक पाडलं, ते वाढवत नेलं आणि उरलेलं पातळ कवच टोकदार छिन्नीनं सोलून काढलं. आटे शाबूत होते. नवं पॅकिंग, नवे आठही बोल्ट. इंजिन चालू झालं. टिकटिक नव्हती.

बाबा हात पुसायला लागले. आत्यानं केबिनचं दार उघडलं.

"आत बस. काचा लाव."

ते चढले. इंजिन चालू, काचा बंद, आणि ती हाताची घडी घालून बाहेर उभी. अर्ध्या तासानं तिनं दार उघडलं. बाबा म्हणाले, वास अजिबात येत नाही.

"मला नऊ महिने येत होता," ती म्हणाली आणि हत्यारं आवरायला लागली.

त्या आठवड्यात बाबांनी अजून दोन गाड्या परत बोलावून घेतल्या. कशासाठी, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आत्याचं डोकं दुखायचं थांबलं. राग नाही गेला. बाबांशी ती आजही कामापुरतंच बोलते, आणि घरात आता तिच्या स्वभावाचं नाव कुणी काढत नाही.