घण पडला की पाऊल

उन्हाळी शिबिरात मुलांना मैदान आणि मुलींना व्हरांडा, ही वाटणी ज्यांनी केली त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जायचं काही कारणही नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा तिथे कारकून, आम्ही नागपूरकडून आलेलो. सेक्टरमधली शाळा नवी आणि तिचं मैदान अर्धवट. जिकडेतिकडे लाल मुरुमाचे ढीग, गटारासाठी आणून टाकलेले सिमेंटचे पाइप. लपायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? आणि आम्ही मात्र व्हरांड्यात बसून रुमालावर गुलाब भरत होतो.

मुलांचा खेळ आम्हाला तिथून दिसे. शिबिराचे सर फौजेतून निवृत्त झालेले. ते मैदानाच्या मधोमध स्टुलावर बसत, पायाशी पितळी घंटी. लपतछपत येऊन ती वाजवायची. सरांना कोणी दिसला किंवा कोणाची चाहूल लागली, की तो बाद. एकाही मुलाला ती अजून वाजवता आली नव्हती. मी सरळ सरांकडे गेले आणि म्हटलं, आम्हालाही खेळायचंय.

"लड़कियाँ? पहले चूड़ियाँ खनकेंगी, फिर हँसी छूटेगी," सर म्हणाले. मुलं खो खो हसली.

माझं डोकंच फिरलं. "हममें से एक ने भी घंटी बजा दी, तो मैदान हमारा भी!"

"मंज़ूर," सर अगदी उदारपणे म्हणाले. द्यावं लागणारच नाही याची त्यांना खात्री होती.

मग क्वार्टरांच्या मागे आम्ही मुलींनी स्वतःचे खेळ काढले. कारखान्याच्या बाजूने दिवसभर पाया ठोकणाऱ्या यंत्राचा घण ऐकू येई. धप्प, मग शांतता, पुन्हा धप्प. आमचा नियम असा, की घण पडेल तेव्हाच पाऊल टाकायचं आणि मधल्या शांततेत गपगार व्हायचं. एकीने भिंतीकडे तोंड करून कान द्यायचा. जिची चाहूल लागली ती परत मागे. दुसऱ्या खेळात एकीने वेडेवाकडे चाळे करायचे आणि बाकीच्यांनी हसायचं नाही. तो फार कठीण गेला. आयांना बांगड्या काढलेल्या चालत नसत, म्हणून त्या कोपराकडे चढवून वरून चिंध्या गुंडाळल्या.

राहिला शिबिराचा पांढरा फ्रॉक. लाल मुरुमात तो दुरूनही डोळ्यांत भरे. आईने माझा नवा शिवला होता, शिबिरासाठी एवढा एकच. ठरल्या सकाळी शाळेमागे मी तो अंगावरच मुरुमाच्या पाण्याने माखला. बाकीच्यांनीही माखले.

बाकीच्या मुली पाइपांच्या बाजूने सरकल्या, मी सरांच्या पाठीमागच्या ढिगावरून. घण पडे, मी पुढे होई. एकदा सर गर्रकन वळले. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि थांबलीच नाही. मी हात लांब केला आणि घंटी अशी बडवली, की व्हरांड्यातली कबुतरं उडाली.

सरांनी घंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्रॉककडे पाहिलं. "यह यूनिफ़ॉर्म है? कल सफ़ेद पहनकर आना, नहीं तो मत आना. सब की सब."

"और मैदान?"

"पहले कपड़े पहनना सीखो."

घरी आईने दारातच अडवलं. "काय करून आली हे? फ्रॉक आहे का पोतेरं?" ती नळाखाली फ्रॉक घासायला बसली. रागाने रडत रडत मी सगळं सांगितलं. लाल रंग काही निघेना. आईचे हात हळू झाले.

"घंटी खरंच वाजवली तू?"

"हो."

"आन् त्याले पत्ताच नाही लागला?"

"नाही."

"मैदान देतो म्हणला होता?"

"सगळ्यांसमोर."

आईने साबण खाली ठेवला. "मंग मी हे कायले धुवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी मी तोच डागाळलेला फ्रॉक घालून गेले. काहीजणींचे फ्रॉक घरी धुऊन पांढरे झाले होते. त्यांनी वाटेत थांबून पुन्हा मुरुम चोळला. व्हरांड्याकडे आम्ही वळलोच नाही. मैदानाच्या कडेला ओळीने उभ्या राहिलो. सर स्टुलावरून उठले आणि हात वर करून काहीतरी ओरडू लागले.

तेवढ्यात घण पडला. आम्ही सगळ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.