हुलग्याचं माडगं

आम्ही आष्ट्याकडचे, उसाच्या पट्ट्यातले. दावणीला दोन म्हशी, त्यामुळे घरात तुपाला कधी तोटा नाही. बायको मात्र औंधच्या पलीकडच्या कोरडवाहू माळावरची. तेवढ्यावरून मी आयुष्यभर फुकटचा माज केला.

गेल्या वर्षी रक्तात साखर निघाली. त्याच दिवशी मी बिनसाखरेचा चहा सुरू केला आणि गावभर सांगत सुटलो. ऊस पिकवणाऱ्यानं साखर सोडली म्हणून कौतुकही झालं. पण जीभ गप्प बसेना. भरपाई म्हणून भाकरीवर तुपाची धार वाढली, मटणाच्या रश्शावरचा तेलाचा लाल कट आधी माझ्या वाटीत पडू लागला. तुपात कुठं साखर असते, हा माझा बिनतोड युक्तिवाद. शिवाय सकाळी कारल्याचा रस प्यायलो की दिवसभर काहीही खायला मी मोकळा.

तीन महिन्यांनी साखर उलट वाढलीच. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. अंगात इन्सुलिन तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि यकृतात, स्नायूंत साठलेली चरबी त्याला मोठं कारण आहे. तूप आणि तळण कमी करा, रोज चाला. हुलगे, जवस, पालेभाज्या वाढवा. कडधान्याच्या सालीतली तुरट द्रव्यं आणि चोथा उपयोगी पडतो, जवसातली चरबीही तुपापेक्षा बरी. अजून तीन महिने देते, नाहीतर गोळ्या सुरू. मला धडकी भरली. गोळ्यांपासून सुईपर्यंत गेलेले माझे वडील मी जवळून पाहिले होते.

घरी येताच बायकोनं हुलगे भाजले, दळून आणले आणि त्या पिठाचं लसूण घातलेलं पातळसर माडगं केलं. सोबत जवसाची चटणी, कच्ची मेथी. पहिला घोट मी तोंड वाकडं करून घेतला आणि दुसरी वाटी मागून घेतली. मग तिच्यावरच चिडलो. इतकं चांगलं येतं, तर तीस वर्षं केलं का नाहीस?

"आवं, लगीन झाल्यावर पयल्याच म्हयन्यात केलं हुतं," ती म्हणाली. "तुमी म्हणला, ह्ये आमच्याकडं बैलाला घालत्यात."

मला काहीच आठवत नव्हतं. तिला त्या दिवशीचं ताटसुद्धा आठवत होतं. तीस वर्षं ती माहेरी गेली की माडगं पोटभर पिऊन यायची, हे मला तेव्हा कळलं. फार लाज वाटली.

तीन महिने मी इमानानं पाळलं. रिपोर्ट आला, साखर उतरली होती. पथ्य सोडायचं नाही, पण तूर्त गोळ्या नकोत, असं बाई म्हणाल्या. परतताना मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगितलं.

त्या संध्याकाळी माहेरचे हुलगे घेऊन तिचा भाऊ आला होता. आम्ही जेवायला बसलो. मी त्याच्यादेखत वाटी पुढं केली.

"बैलाला अजून एक वाटी वाढ."

ती तोंडाला पदर लावून इतकी हसली, की निम्मं माडगं माझ्या ताटात सांडलं. मी तेही पुसून खाल्लं.