कांद्यावर बसलेले आण्णा

स्वप्नात आमचे आण्णा, म्हणजे वडील, वैजापूरच्या मार्केट यार्डात ट्रॉलीभर कांद्यांवर बसले होते. लिलाव चालू होता. व्यापारी यायचे, कांदा दाबून बघायचे, आण्णांचा दंडही दाबायचे आणि पुढे जायचे. त्यांच्यात मीही होतो. मीही दाबला. "माल जुना आहे," म्हणालो आणि पुढे गेलो.

घामाघूम होऊन उठलो. आई गेल्यापासून आण्णा गावी एकटेच. बजाजनगरातल्या फ्लॅटची दुसरी खोली मी त्यांच्यासाठी म्हणून घेतली आणि तिच्यात माझी चित्रकला भरून ठेवली. अशा अपराधावर सरळ उपाय म्हणजे एसटी पकडून गावी जाणं. मी कॅनव्हास ताणला. रविवारमागून रविवार आण्णांच्या सुरकुत्या रंगवल्या आणि प्रत्येक सुरकुतीगणिक मन हलकं होत गेलं. कांदे तर असे उतरले की बायको म्हणाली, "आज भाजीला यातलेच चिरू का?"

बैठकीत दक्षिणेच्या भिंतीवर खिळा आयता होता, तिथं चित्र टांगलं. त्या भिंतीवर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा दिसला की आपल्याकडे कुणी खुलासा मागत नाही. शेजारचे काका शेवंतीचा हार घेऊनच आले. "गेल्यावरच किंमत कळते हो," म्हणत त्यांनी तो चढवला. त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी माणूस जिवंत आहे असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात डोळे दाखवायला आण्णा आले. पिशवी खाली ठेवून चित्रापुढं उभे राहिले.

"हार कुणी घातला?"

"शेजाऱ्यांनी."

"आन् तू?"

"मी... काढला नाही."

"व्हय. तू कशाला काढशील." त्यांनी हार उतरवून हुंगला. "माझी खोली कुठंय?"

मी दार उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आण्णांनी पिशवी उचलली. स्वप्नात वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली. "थांबा," म्हणालो आणि माझे सूर्यास्त, धबधबे, अजिंठ्याच्या नकला, सगळं भराभरा बाल्कनीत नेऊन टाकलं.

संध्याकाळी खोलीत खाट पडली. आण्णा आडवे झाले.

"बरी हाय. पर त्या शेजाऱ्याला काय सांगशील?"

मी उशीचा अभ्रा सारखा करायला लागलो.

"बोलव त्याला, मीच सांगतो. तवर माझी धोतरं कपाटात लाव."